खुलं पत्र : नवी रायफल द्याच, पण जुनीचे पार्ट आधी बंद करू नका

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, आणि रायफलींच्या खरेदीची फाइल ज्यांच्या टेबलावरून जाते त्या सगळ्या साहेबांना,

सप्रेम जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला एक निवृत्त हवालदार. ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती करणाऱ्या विभागात, आर्मोरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, १९९१ ला भरती झालो, २०१३ ला पेन्शनीत आलो. एसएलआर या जुन्या रायफलीवर काम शिकलो आणि नंतरची सगळी नोकरी तिच्यामागून आलेल्या इन्सास रायफलीवर गेली. मी काही मोठा तज्ज्ञ नाही, पण रायफल खोलून तिच्यात काय झिजलंय ते बघणं आणि ती परत जवानाच्या हातात द्यायच्या लायकीची करणं, एवढं एकच काम बावीस वर्षं केलंय, त्यामुळे त्या एका विषयावर चार गोष्टी सांगायचा हक्क आहे असं मला वाटतं.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, तोही फौजेत आहे. म्हणाला मामा आमच्याकडे नवीन एके येणार म्हणतायत, मग आमच्या इन्सासचं काय होणार? मी म्हणालो देतील कुणाला तरी. फोन ठेवला आणि तेच डोक्यात राहिलं, कुणाला देतील, आणि ज्याला देतील त्याला तिचे पार्ट कोण देणार. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

आमच्याकडे शेतकरी मोटार घेताना, इंजिन घेताना, ट्रॅक्टर घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न काय विचारतो माहितीये? किंमत नंतर. पहिलं विचारतो, "पार्ट मिळतात का हो इथं?" माझ्या वडिलांचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन मी शाळेत असल्यापासून चाललं ते याच एका कारणामुळे, रिंगा म्हणा, नोझल म्हणा, वॉशर म्हणा, काहीही गेलं तरी तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचं आणि रात्री पाणी सुरू. शेजारच्यांनी दुसरं एक भारीतलं इंजिन घेतलं होतं, ते दोन हंगाम चाललं आणि मग एका पार्टसाठी शेडमध्ये तसंच उभं राहिलं, अजून आहे, त्यावर कोंबड्या बसतात. रायफलीचंही अगदी हेच आहे साहेब, फक्त तिथं उभं पीक नाही, एक माणूस असतो.

एक प्रसंग सांगतो. युनिटचं नाव लिहीत नाही, जागाही सांगत नाही, उंचावरची होती आणि थंडीचे दिवस होते एवढं पुरे. फायरिंगनंतर एक गढवाली पोरगा रायफल घेऊन माझ्याकडे आला, "उस्ताद, खोका नहीं निकल रहा." नळीत फायर झालेल्या राउंडची, म्हणजे काडतुसाची, रिकामी केस अडकली होती. रॉड घालून ती ठोकून काढली, ब्रीच ब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, बाहेर काढला आणि एक्सट्रॅक्टर बघितला. एक्सट्रॅक्टर म्हणजे नखाएवढा तुकडा असतो हो, त्याला पुढं एक आकडा असतो, तो राउंडच्या बुडाच्या खाचेत अडकतो आणि ब्लॉक मागे आला की रिकाम्या केसला ओढून आणतो. नवीन असतो तेव्हा त्या आकड्याची कड बोटाला जाणवते, टोचते जवळजवळ. या रायफलीचा आकडा गोल झाला होता, साबणाच्या वडीसारखा. स्प्रिंगही बसली होती. बदलायला पाच मिनिटं लागतात, पण पार्ट पाहिजे ना! चार महिन्यांपूर्वी इंडेंट (मागणीपत्र) केला होता, तो "एनए" म्हणून परत आला होता, नॉट अव्हेलेबल.

मग आम्ही आर्मोरर लोक जे करतो तेच केलं. रॅकच्या टोकाला एक रायफल होती, बॅरल गेलेली, तिला बाद ठरवणारा अधिकाऱ्यांचा बोर्ड बसायचा बाकी होता. तिचा एक्सट्रॅक्टर काढला, स्प्रिंग काढली, पुसून तेल लावून या रायफलीत बसवला, ड्रिल राउंड (सरावाचे, दारू नसलेले) भरून हाताने दहा-बारा वेळा कॉक करून बघितलं, प्रत्येक वेळी राउंड बाहेर पडला तेव्हा कुठं बरं वाटलं. पोरगा समोरच उभा होता, त्याने विचारलं "उस्ताद, ये नया है ना?" मी हो म्हणालो. नवीन नव्हता, दुसऱ्या रायफलीत किती हजार राउंड ओढून झालेला होता मला माहीत नव्हतं. त्या पोराला त्याच आठवड्यात पुढं पोस्टवर जायचं होतं, त्याचा विश्वास राहावा म्हणून मी हो म्हणालो, पण ते खोटं मला अजून बोचतं. तो सुखरूप परत आला, देवाची कृपा.

याला आमच्यात कॅनिबलायझेशन म्हणतात, एकीचं काढून दुसरीला लावायचं. एकदा सुरू झालं की थांबत नाही. आज एक्सट्रॅक्टर, उद्या त्याच रायफलीची रिकॉइल स्प्रिंग, परवा फायरिंग पिन, आणि मग ती रायफल नुसता सांगाडा राहते. रजिस्टरमध्ये दोन रायफली दिसतात, रॅकमध्ये दीडच असते. वर बसणाऱ्याला रजिस्टर दिसतं, रॅक दिसत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं स्प्रिंग काय, कुठंही वळून मिळेल, पिन काय लेथवर करून देईल कुणीही. नाही हो होत तसं. फायरिंग पिनचं टोक किती बाहेर यावं त्याचं गेज, म्हणजे मोजायचं ठरलेलं माप, असतं, जरा कमी आलं तर कॅपवर (राउंडच्या बुडाच्या टिकलीवर) नुसता ठसा उमटतो आणि राउंड मिसफायर, जरा जास्त आलं तर कॅप फाटते आणि गरम गॅस मागे तोंडाकडे येतो. दिसायला दोन्ही पिना सारख्याच दिसतात. स्प्रिंगचं तर पोलाद आणि त्याला दिलेली आच यावर सगळं अवलंबून, बाजारातली स्प्रिंग पहिले चार दिवस मस्त चालते आणि नेमक्या वेळी बसते. म्हणून ड्रॉइंग पाहिजे, गेज पाहिजे, जिग (पार्ट धरून बनवायचा साचा) पाहिजे, आणि ते काम रोज करणारा कारागीर पाहिजे. यातलं एक जरी हरवलं तरी पार्ट बनत नाही, पैसे कितीही असोत.

आता इन्सासबद्दल एक बोलायलाच हवं कारण तिला शिव्या घालायची फॅशन झालीये. ती आपल्या पुण्यातली, पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेत तिचं डिझाइन झालं, ईशापूरच्या आणि तिरुचिरापल्लीच्या फॅक्टरीत बनली, तिचा ५.५६ मिमीचा राउंड आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला बनतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी ती जवानांच्या हातात आली आणि १९९९ ला थेट कारगिलच्या थंडीत. तिथं मॅगझिनला चिरा गेल्या, काहींच्या तोंडावर तेल उडालं, तीन राउंडच्या बर्स्टवर (एका दाबात तीनच राउंड) ठेवली तर काही वेळा सलग फायर झाली, हे सगळं खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. ते मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं, आम्ही खिडकीच्या उजेडात धरून एकेकाच्या ओठाला चीर आहे का ते बघायचो, नखाने दाबून बघायचो. पण नीट ठेवलेली, वेळेवर पार्ट मिळालेली इन्सास ४०० मीटरवर सरळ मारते, हेही मी स्वतः बघितलंय. तिला जे नाव मिळालं त्यातला किती भाग डिझाइनचा आणि किती भाग न मिळालेल्या पार्टचा, हे एकदा कुणीतरी प्रामाणिकपणे बघायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

तिच्या जागी दुसरी पाहिजे हे ठरूनही खूप वर्षं झाली. २०११ ला ६६ हजार रायफलींचं टेंडर निघालं, बॅरल बदलून दोन प्रकारचे राउंड मारणारी रायफल पाहिजे होती, ते २०१५ ला रद्द झालं. मग २०१९ ला अमेरिकेच्या सिग सॉअरच्या ७२,४०० रायफली तातडीने घेतल्या, २०२४ ला अजून ७३ हजारांची ऑर्डर दिली. आणि डिसेंबर २०२१ ला रशियाबरोबर एके-२०३ चा करार झाला, ६,०१,४२७ रायफली, अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथं बनवायच्या. जुलै २०२४ पर्यंत त्यातल्या ३५ हजार दिल्या गेल्या. म्हणजे हिशोब सरळ आहे, सहा लाख एका दिवसात होत नाहीत, काही वर्षं जाणारच, आणि त्या सगळ्या वर्षांत कुठल्या ना कुठल्या पोराच्या खांद्यावर इन्सासच असणार.

आणि नेमक्या याच मधल्या वर्षांत खरा घोळ होतो. एकदा का "ही जाणार" असं ठरलं की तिच्या पार्टसाठी पैसे मागायला कुणी धजत नाही. घर सोडून जाणाऱ्या भाडेकरूसाठी कोण भिंती रंगवतो? जाणारच आहे तर कशाला ऑर्डर करायची असं प्रत्येक पायरीवर म्हटलं जातं, त्यात कुणाची वाईट बुद्धी नसते, पण बनवणाऱ्याला ऑर्डर नाही म्हणून तो लाइन बंद करतो, कारागीर दुसऱ्या कामाला लागतो, गेज कुठंतरी पेटीत जातं. आणि नवी येतेय, येतेय, करता करता टेंडर रद्द होतं. मग खालच्या माणसाकडे नवीही नसते आणि जुनीचे पार्टही नसतात. मी नोकरीतून निघालो तेव्हा ती २०११ ची निविदा चालू होती, आम्ही आपसात म्हणायचो दोन वर्षांत बदलणार. किती दोन वर्षं गेली बघा.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. कॅनडाचं बघा. तिथं उत्तरेला बर्फाच्या प्रदेशात कॅनेडियन रेंजर्स म्हणून दल आहे, बरेचसे तिथलेच मूळ रहिवासी लोक. त्यांच्याकडे १९४७ पासून ली-एनफिल्ड नंबर फोर, आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो त्या घराण्यातली रायफल. रायफल इतकी दणकट की त्या थंडीत, हातमोजे घालून बोल्ट ओढायचा, अस्वलापासून जीव वाचवायचा, तरी सत्तर वर्षं चालली. ती बदलली ती ती वाईट होती म्हणून नाही, पार्ट मिळेनासे झाले म्हणून. या रायफलीची एक गंमत आहे, तिच्या बोल्टचं पुढचं डोकं वेगळं निघतं आणि त्यावर ० ते ३ असे आकडे असतात, नळी आणि बोल्ट झिजून मधलं अंतर वाढलं की आर्मोरर एक आकडा मोठं डोकं बसवतो आणि अंतर परत गेजमध्ये येतं. किती हुशारीचं काम आहे बघा, बनवणाऱ्याने पहिल्या दिवशीच झिजणं धरलं होतं! पण ३ नंबरची डोकी संपली की त्या रायफलीचं आयुष्य संपलं. २०१८ पासून त्यांना नवी सी-१९ द्यायला लागले, डिझाइन फिनलंडच्या टिक्काचं, पण बनवली स्वतःच्या देशात किचनरच्या कोल्ट कॅनडाने, म्हणजे पार्टसाठी समुद्रापलीकडे बघायला नको. आणि दर राउंडला हाताने बोल्ट ओढायची बोल्ट ॲक्शनच ठेवली, कारण वापरणाऱ्याला त्या थंडीत तीच चालते. मला हे फार आवडलं. आधी वापरणाऱ्याची गरज बघितली आणि पार्ट घरात बनतील याची सोय केली.

आता माझ्या मनातली सगळ्यात मोठी काळजी. सैन्याने टाकलेली रायफल भंगारात जात नाही, ती पोलिसांकडे जाते. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या परेडला, आणि तिच्या जागी काय आलं, तर इन्सास आणि एसएलआर. सैन्यात १९६२ च्या चिनी युद्धानंतर एसएलआर यायला लागली आणि थ्री नॉट थ्री मागे पडली, आणि पोलिसांच्या हातून ती सुटायला २०२० उजाडलं. तेवढंच दुसरं आयुष्य इन्सासला मिळणार असेल तर भाच्याच्या हातातली रायफल उद्या एखाद्या पोलीस शिपायाच्या हातात अजून वीस-तीस वर्षं असेल. तिचे पार्ट तेव्हा कुठून येणार?

माझ्या ओळखीचा एक पोलीस आर्मोरर होता, आता तोही रिटायर झालाय. तो सांगायचा, आमच्याकडे जुनी रायफल येते ती नुसती रायफल येते, पेटीत पार्ट नसतात, गेज नसतं, पुस्तक नसतं, जवानाने जशी जमा केली तशीच पुढं. मग तोही तेच करायचा जे मी केलं. आणि २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत काय झालं ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. सीएसटीवर समोर एके-४७ आणि आपल्या माणसांकडे थ्री नॉट थ्री आणि काठ्या. आमच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर हातात काठी घेऊन एके-४७ च्या नळीसमोर गेले आणि ती नळी धरून ठेवली. आमच्या जिल्ह्यात त्यांचं नाव घेतलं की माणूस गप्प होतो. असल्या माणसांच्या हातात चालणारं हत्यार देणं एवढं तरी आपलं काम आहे ना साहेब?

म्हणून हात जोडून मागणी आहे, आणि मी जे मागतोय ते फार मोठ्या पैशाचं नाही.

इन्सासच्या पार्टची लाइन बंद करायच्या आधी एकदा बसून हिशोब करा की शेवटची इन्सास कधी जमा होणार, सैन्यातलीच नाही, पोलिसांकडची आणि निमलष्करी दलांकडचीही धरून, आणि तेवढ्या वर्षांचे झिजणारे पार्ट एकदाच बनवून ठेवा. सगळी रायफल नको, एक्सट्रॅक्टर, स्प्रिंगा, फायरिंग पिना, मॅगझिन, गॅसचे पार्ट, एवढंच. स्प्रिंग आणि पिन तेल लावून कागदात गुंडाळून ठेवली तर वर्षानुवर्षं राहते. ड्रॉइंग आणि गेज मात्र कधीच फेकू नका, लाइन बंद झाली तरी. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, ते का केलं यावर मी बोलणार नाही, पण या बदलांत जुनं गेज कुणाच्या ताब्यात आहे याची यादी कुणीतरी एका माणसाच्या नावावर ठेवावी.

दुसरं, आम्ही जे गुपचूप करत होतो ते उघडपणे आणि नीट करा. जमा होणाऱ्या लाखो इन्सास वर्कशॉपमध्ये खोला, प्रत्येक पार्ट गेजवर तपासा, चांगला असेल तो धुऊन, पॅक करून, "वापरलेला, तपासलेला" असा शिक्का मारून स्टोअरमध्ये ठेवा. तोच एक्सट्रॅक्टर, पण तपासलेला, मग आर्मोररला कुणा पोराशी खोटं बोलावं लागत नाही. आणि पोलिसांना रायफली देताना दर काही रायफलींमागे पार्टची एक पेटी, गेजचा एक सेट आणि त्यांच्या एका माणसाला कोर्स, हे बरोबर द्या, नाहीतर देऊ नका.

बदली करताना पूर्ण युनिट एकदम बदला. अर्धी कंपनी एके-२०३ वर आणि अर्धी इन्सासवर असं ठेवलं तर राउंड वेगळा, मॅगझिन वेगळं, गेज वेगळं, आणि गडबडीत कुणाच्या पाऊचमध्ये काय आहे ते कळत नाही. आधीच आता तीन राउंड झालेत, इन्सासचा ५.५६ बाय ४५, एकेचा ७.६२ बाय ३९ आणि सिगचा ७.६२ बाय ५१. शेवटचे दोन तर नावाला सारखे वाटतात पण एकमेकांत अजिबात बसत नाहीत. कोत, म्हणजे युनिटची हत्यारांची खोली, सांभाळणाऱ्या एनसीओला (हवालदार-नायकाला) विचारा त्याची काय अवस्था होते.

नवीन रायफलीचंही आत्ताच बघा, वीस वर्षांनी नाही. एके-२०३ चे कुठले पार्ट कोरवाला बनतात, कुठले अजून बाहेरून येतात, बाहेरून येणारा पार्ट थांबला तर किती महिन्यांचा साठा आहे, हे विचारत राहा. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा सगळ्यांनाच कळलं की बाहेरच्या मालावर किती विसंबून राहायचं. सिगबद्दलही हाच प्रश्न. आणि आर्मोररचा कोर्स, टूल किट आणि गेज रायफलीच्या आधी युनिटमध्ये पोचलं पाहिजे. आमच्या वेळेला इन्सास आधी आली आणि पुस्तक नंतर, तेही इंग्रजीत, पहिले काही महिने आम्ही एकमेकांना विचारून विचारून खोलना-जोडना शिकलो. हिंदीत चांगलं सचित्र पुस्तक द्या, पोरं हुशार आहेत, एकदा चित्र बघितलं की विसरत नाहीत.

अजून एक, मनाला लागलेलं. माझ्या बावीस वर्षांत रायफलीच्या ट्रायलबद्दल मला किंवा माझ्या ओळखीच्या कुठल्या आर्मोररला कुणी काही विचारलं नाही. फायर करणाऱ्याला विचारतात, ते बरोबरच आहे. पण पाच हजार राउंडनंतर ती खोलून आत काय झिजलं ते बघणाऱ्यालाही विचारा. २०२४ ला पुण्यात एआरडीईने "उग्रम" नावाची नवी रायफल दाखवली, ऐकून अभिमान वाटला, आपल्या पाषाणची आहे म्हणून जास्तच. तिच्या ट्रायलला दोन जुने आर्मोरर बसवा साहेब. कुठला पार्ट हाताने काढताना अडतो, कुठली पिन बर्फात पडून हरवणार, ते आम्ही टेबलावरच सांगू.

भाचा गणपतीला सुट्टीवर येणार आहे. तोपर्यंत त्यांच्या कोतमध्ये नवी एके आली असेल तर आनंदच आहे. नसेल आली तर मी त्याला एवढंच विचारणार आहे की तुझ्या इन्सासचा एक्सट्रॅक्टर शेवटचा कधी बदलला, आणि तो आला कुठून.

आपला,
एक निवृत्त हवालदार (आर्मोरर)
जि. सातारा